शिवून टाकलेली छत्री

छत्रीबाईंची छत्री उघडत नसे. मोडली होती म्हणून नव्हे, त्यांनीच ती सुईदोऱ्याने शिवून बंद केली होती. पुरुषी, काळी, वाकड्या मुठीची छत्री, आणि तिच्या अंगावर टोकापासून मुठीपर्यंत शिंप्याची पिवळी फीत टाचलेली. बरोबर छत्तीस इंच. पाऊस आला की बाई डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घ्यायच्या आणि छत्री काखेत कोरडी ठेवायच्या. ओरछा गेटच्या गल्लीतले दुकानदार त्यांच्याकडे बघून हसायचे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी मी हसले होते.

आमची शाळा त्या गल्लीतच, दोन मजली, हिंदी माध्यमाची. बाई विज्ञान आणि आठवीचं गणित शिकवायच्या, मी सहावी-सातवीचं गणित. पोरं त्यांना ‘छाता मैडम’ म्हणायची. छत्रीबाई हे नाव माझं, फक्त माझ्या घरात चालणारं. तोंडावर मी नुसतं बाईच म्हणायचे. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या भुसावळच्या, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे तीस वर्षांपूर्वी झाशीत आलेल्या. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. माझं बोलणं ऐकून बाई म्हणायच्या, “तुझं मराठी म्हणजे बुंदेली डाळीला तुपाची फोडणी, सुनीता. वास मराठी, बाकी सगळी डाळ.” मला राग यायचा, पण खोटं नव्हतं ते.

राग यायला मला तेव्हा फार काही लागत नसे. शाळेचा टाइम-टेबल मी बनवायचे आणि त्यावर माशी बसली तरी मला खपत नसे. कुठला वर्ग कुठल्या तासाला कुठल्या खोलीत, हे माझ्या रंगीत रेघांच्या तक्त्यावर ठरलेलं. आणि बाई रोज, अगदी रोज, तो तक्ता धाब्यावर बसवून चाळीस पोरं घेऊन बाहेर पडायच्या. माझ्या खोलीवरून आधी छत्रीच्या लोखंडी टोकाची खट, खट जायची आणि तिच्यामागे चाळीस चपलांची फरफट. माझ्या वर्गाचं अर्धं लक्ष खिडकीकडे. एकदा मी दारात उभी राहून त्यांना सुनावलं की बाई, इथे शाळा भरते, जत्रा नाही. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून पोरं माझ्या खोलीपाशी आली की चपला हातात घेऊन चालायची. खट, खट मात्र चालूच राहिली.

त्यांचे नियम कडक होते. पुस्तक घेतल्याशिवाय बाहेर जायचं नाही. जो धडा आज आहे तोच बाहेर शिकायचा. घंटा व्हायच्या आत परत. आणि सहल, पिकनिक हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पानं-फुलं तोडून वहीत चिकटवणाऱ्या पोरांवर त्या भयंकर चिडायच्या. “हम लूटने नहीं आए, देखने आए हैं,” असं त्यांच्या भुसावळी हिंदीत ऐकवायच्या. लाड वगैरे प्रकार त्यांच्याकडे नव्हता. कुणाला शाबासकी दिलेली मी कधी ऐकली नाही.

एकदा सहावीला बाष्पीभवन होतं. शाळेसमोरच्या गच्चीवर एक चाची राहतात, त्यांचे कपडे रोज दोरीवर वाळत असायचे. बाईंनी सगळा वर्ग गल्लीत उभा केला आणि कुठलं कापड आधी वाळतं ते बघायला लावलं. चाचींनी वरून तोंडाचा पट्टा सोडला की परक्या पोरांना माझ्या साड्या मोजायला लावता, लाज नाही वाटत. बाई शांतपणे जिना चढून वर गेल्या आणि त्यांना म्हणाल्या, दीदी, तुमच्या चादरीवर मला विज्ञान शिकवायचंय, एक घडी घालून टाका आणि एक पसरून. चाचींनी टाकल्या. काय करतील, बाईंना नाही म्हणणं सोपं नव्हतं. आठवड्याभरात चाचीच गच्चीवरून ओरडून सांगू लागल्या की मैडमजी, आज पश्चिमेची हवा आहे, आज जाड चादरसुद्धा दोन तासांत सुकली. पोरं ते वहीत लिहून घ्यायची.

बाईंची आणखी एक सवय मला तेव्हा विचित्र वाटायची. फळ्यावर चुकलेलं उत्तर त्या पुसू देत नसत. त्याच्याभोवती खडूने चौकट काढायच्या आणि ते तसंच ठेवून पुढे जायच्या. “मेहमान है, बैठने दो,” म्हणायच्या. तासाच्या शेवटी सगळे मिळून त्या पाहुण्याची चौकशी करायचे की बाबा, तू आलास कुठून. आमच्या वर्गात चूक झाली की मी डस्टर आधी उचलायचे, कारण कुणी बघायच्या आत फळा स्वच्छ असलेला बरा.

हळूहळू भांडून भांडून आमची मैत्री झाली. मग मला वाटलं, या बाईचं काहीतरी भलं करावं. तक्त्यात खाडाखोड करून मी शनिवारचा शेवटचा तास मोकळा केला आणि मोठ्या ऐटीत त्यांना म्हटलं की घ्या, हा तुमचा, दर आठवड्याला हक्काने बाहेर जा, मग कुणी बोट दाखवणार नाही. मला वाटलं होतं, बाई खूश होतील. त्यांनी तक्ता माझ्या हातात परत दिला.

“ही पुरणपोळी झाली, सुनीता,” त्या म्हणाल्या. “मला रोजची पोळी हवी आहे. शनिवारी बाहेर गेलं की पोरांना वाटतं, बाहेर म्हणजे मजा आणि आत म्हणजे अभ्यास. मग जन्मभर तसंच वाटतं.”

मी हात टेकले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

घात झाला तो एका बुटामुळे. आठवीचा एक पोरगा गल्लीत कोन मोजता मोजता मागे सरकला आणि त्याचा पाय नालीत गेला. पाय निघाला, नवाकोरा बूट गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील उरलेला एक बूट घेऊन आले आणि त्यांनी तो सरळ मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. मग त्यांच्यामागे आणखी पालक. पोरं धूळ खातात, रस्त्यावर फिरतात, अभ्यास होतो कधी. गोष्ट प्रबंधकजींपर्यंत गेली. प्रबंधकजी म्हणजे शाळेचे चालक. शाळा त्यांनी उभारलेली आणि त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी निकाल असा दिला की जानेवारीत पालकांची बैठक आहे, त्या दिवशी असा एक तास सगळ्यांसमोर घेऊन दाखवा. पटलं तर ठीक. नाही पटलं तर प्रार्थना झाली की फाटकाला कुलूप, आणि सगळे तास खोलीत.

बाईंनी हे ऐकलं आणि स्टाफरूममध्ये येऊन मला सांगितलं, “तास तू घ्यायचास.”

मला वाटलं थट्टा करतायत. मी जन्मात खोलीबाहेर शिकवलं नव्हतं. पण त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. मार्चमध्ये यजमान रिटायर होणार, मग दोघं कायमचे भुसावळला. “मी घेतला तर लोक म्हणतील, बाई हुशार आहे. आणि मी गेले की फाटकाला कुलूप लागेल. तुझ्यासारख्या, बाहेर न जाणाऱ्या बाईला जमलं तर ते कुणालाही जमेल.” ही स्तुती होती की अपमान, ते मला अजून कळलेलं नाही. नाही म्हणून पाहिलं, चिडूनही पाहिलं. त्या छत्री टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी मी हो म्हटलं, आणि एक अट त्यांनीच घातली की रंगीत तालीम करायची नाही.

सातवीला समानुपात, म्हणजे समप्रमाण, होता. ठरलं असं की शाळेच्या भिंतीची सावली मोजायची, छत्रीची सावली मोजायची, छत्रीची उंची ठाऊक आहेच, त्यावरून भिंतीची उंची काढायची. सोपं होतं. मला रात्री झोप लागली नाही तो भाग वेगळा.

त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. पाहुणे दहाला येणार होते. दहाला मी पोरांना घेऊन अंगणात तयार, बाई आठवीच्या वर्गावर. सव्वादहा झाले, साडेदहा होत आले, कुणाचा पत्ता नाही. तक्तेवाली बाई मी. रिकामा वेळ मला चावतो. मी पोरांना म्हटलं, चला, तोवर भिंतीची सावली मोजून घेऊ, नंतर वेळ वाचेल. दोरी लावली, मोजली. पस्तीस फूट भरली. मी व्हरांड्यातल्या फळ्यावर ठसठशीत लिहून ठेवली. अर्धं काम झालं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

पाहुणे आले साडेअकराला. हार झाले, भाषण झालं, समोसे झाले. बारा वाजता सगळे खुर्च्या अंगणात ओढून बसले. बुटाचे वडील पहिल्या रांगेत, प्रबंधकजी मधोमध, बाई सगळ्यांत मागे. मी पोरांना छत्री उभी धरायला लावली. सावली अडतीस इंच. पोरांनी फळ्यावर भराभर गुणाकार-भागाकार केला आणि उत्तर आलं, भिंत तेहतीस फूट.

प्रबंधकजी आधी गालात हसले, मग मोठ्याने. “मैडम, ये दीवार हमने अपने सामने खड़ी करवाई है। बाईस फुट की है। ये ग्यारह फुट आप कहाँ से ले आईं?”

सगळ्या खुर्च्या हसल्या. हिशेब मी तीनदा नजरेने तपासला, चूक दिसेना. हात आपोआप डस्टरकडे गेला. मी बाईंकडे पाहिलं की ही बाई आता तरी उठेल, काही बोलेल, नाही तर डोळ्यांनी खूण करेल. त्या हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसल्या होत्या. इतका संताप आला मला त्यांचा! मला बुडवायला उभं केलं आणि आता मजा बघतात. पण डस्टर हातात असतानाच त्यांचा तो फळ्यावरचा पाहुणा आठवला. मी डस्टर ठेवला, खडू घेतला आणि तेहतीसभोवती चौकट काढली. चौकट वाकडी आली. पोरांकडे वळून मी विचारलं की हे अकरा फूट आले कुठून, शोधा.

प्रबंधकजींनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मागून कम्मो उठली. ही मुलगी रोज चिरगावहून बसने यायची आणि माझ्या वर्गात ती वर्षभरात चार वाक्यंसुद्धा बोलली नव्हती. ती आपल्या पायांकडे बघत होती.

“मैडमजी,” ती म्हणाली, “जब दीवाल नापी ती, तब हमाई परछाईं गेंदा की क्यारी लौ जा रई ती। अब नईं जा रई।”

भिंत मोजली तेव्हा तिची सावली झेंडूच्या वाफ्यापर्यंत जात होती, आता जात नव्हती. भिंत सकाळची आणि छत्री दुपारची! मीच घातलेला घोळ, वेळ वाचवायच्या नादात. मी काही बोलायच्या आत पोरं धावली. परवानगी कुणी मागितली नाही. दोरीचं एक टोक धरायला कुणी सापडेना तेव्हा त्यांनी ते पहिल्या रांगेतल्या बुटाच्या वडिलांच्या हातात दिलं आणि त्यांना भिंतीशी उभं केलं. आता भिंतीची सावली सव्वातेवीस फूट भरली. पुन्हा हिशेब. बावीस फूट.

मग प्रबंधकजी स्वतः उठले, पोराच्या हातातून छत्री घेतली, उन्हात उभी धरली आणि म्हणाले की संध्याकाळी मोजलं तर? कम्मो म्हणाली, तरी बावीसच येईल, दोन्ही एकदम मोजायला हवं. त्यांनी मान हलवली. छत्री हातात घेऊन ते बराच वेळ त्या फितीकडे बघत राहिले. जाताना एवढंच म्हणाले की रोज जात जा, पण नालीकडे नेऊ नका, आणि जे काय कराल ते टाइम-टेबलात लिहिलेलं असू द्या.

सगळे गेल्यावर मी बाईंना म्हटलं की मला शरम वाटते, इतकी साधी चूक. त्या अंगणातल्या खुर्च्या एकावर एक ठेवत होत्या.

“भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवता येते, सुनीता. ऊन नाही ठेवता येत,” त्या म्हणाल्या. मग आणखी एक खुर्ची वर चढवून, “पण बरं झालं चुकलीस. बरोबर उत्तर आलं असतं तर माणसं समोसे खाऊन घरी गेली असती आणि सोमवारी फाटकाला कुलूप लागलं असतं.”

शाबासकीच्या जवळ जाणारं एवढंच एक वाक्य मला त्यांच्याकडून मिळालं. त्या संध्याकाळी मी नवा तक्ता आखला. वेगळा तास नाही, वेगळा रंग नाही. गणित, विज्ञान, भूगोल जिथे होते तिथेच. फक्त खोली क्रमांकाच्या घरात रोज एकेका वर्गापुढे मी लिहिलं, ‘बाहर’. बाईंनी चष्मा लावून सगळा तक्ता वाचला आणि काहीही खोट न काढता परत दिला.

मार्चच्या शेवटी त्यांना स्टेशनवर पोहोचवायला गेले. खरं सांगते, मला वाटलं होतं की त्या छत्री माझ्या हातात देतील. मी घेताना काय म्हणायचं तेही ठरवून गेले होते. गाडी हलायची वेळ आली तरी छत्री त्यांच्या काखेतच. शेवटी मी निर्लज्जपणे विचारलंच. “माझी मला लागते,” बाई म्हणाल्या. “भुसावळला काय ऊन पडत नाही? तुझी तू शिव.” आणि गाडी गेली. मी तिथून तडक बड्या बाजारात गेले, एक काळी छत्री घेतली, एक फीत घेतली आणि घरी येऊन शिवत बसले. माझे टाके तिरके आले आहेत, पण इंच बरोबर आहेत.

नंतर दर रविवारी त्यांचा फोन. तब्येत, हवापाणी काही नाही, पहिला प्रश्न हाच की या आठवड्यात किती तास बाहेर? दुसरा, कुठे चुकलीस? मी रकाने भरून ठेवल्यासारखी उत्तरं द्यायचे. त्यांचा दमा वाढल्याचं मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. बाईंनी तो विषय काढू दिला नाही.

पुढच्या जानेवारीत झाशीत असं धुकं पडलं की आठवडाभर सूर्य दिसला नाही. त्या रविवारी बाईंनी विचारलं आणि मी म्हटलं, एकही तास नाही, ऊनच नाही तर काय करणार. पलीकडे धाप लागल्याचा आवाज येत होता. “धुकं काय वर्गात पडतं का गं?” त्या म्हणाल्या. मला राग आला. म्हटलं, तुम्ही भुसावळच्या उन्हात बसून शिकवू नका मला, इथे हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. फोन मीच ठेवला.

गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी त्यांच्या यजमानांचा फोन आला. बाई पहाटे गेल्या.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी घरी जा म्हटलं. मी पर्स घ्यायला सातवीच्या खोलीत गेले. पोरांना अजून काही ठाऊक नव्हतं. तक्त्यावर पहिल्या तासापुढे माझ्याच अक्षरात ‘बाहर’ लिहिलेलं होतं. खिडकीबाहेर पांढरं धुकं, भिंतसुद्धा दिसत नव्हती. मी पर्स खाली ठेवली, कोपऱ्यातली छत्री उचलली आणि पोरांना म्हटलं, वह्या घ्या.

अंगणात येऊन सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. एका मुलीच्या हातात छत्री दिली आणि तिला सांगितलं की फाटकाच्या दिशेने एकसारखी पावलं टाकत सरळ चालत जा, प्रत्येक पावलाला छत्री टेकव. आम्ही मोजतो. दिसेनाशी झालीस की थांबवू. ती निघाली. पोरं मोठ्याने मोजू लागली. वीस पावलांवर तिचा स्वेटर फिका झाला, तीसवर नुसती काळी रेघ उरली, एक्केचाळीसवर काहीच उरलं नाही. पोरांनी मोजणं थांबवलं. मला इतका वेळ आवरलेलं रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. धुक्यात ओला चेहरा कुणाचाही असतो.

तिला थांब म्हणून हाक मारायची, तेच विसरले. ती चालतच राहिली.

माझ्या शेजारचा एक मुलगा कान देऊन ऐकत होता. तो हळूच म्हणाला, “मैडमजी, दिखना बंद हो गया, पर खट-खट सुनाई दे रही है।”

ऐकू येत होती. आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो. मी डोळे पुसले आणि त्यांना म्हटलं, आधी एक्केचाळीस लिहा. मग हेही लिहा.